सांगायचं कुणाला?

वैशाखातल्या एका पहाटे भावाच्या दुकानात तीन खोकी उघडायची होती. बेंगळूरच्या रात्रीच्या बसनं ती आली होती. पांढऱ्या पुठ्ठ्याची, लांबट, वर इंग्रजी आणि थाई अक्षरं, एक हिरवा शिक्का. लग्न बेळगावच्या आमच्या शहापुरातलंच, मुहूर्त सव्वाअकराचा. दुकानात तारा, हिरवे स्पंज, जाळी, केळीचे खुंट असा पसारा पडला होता आणि पोरं अर्धवट झोपेत बादल्या भरत होती. मी चहाची किटली घेऊन गेले तेव्हा भावानं पहिल्या खोक्याची पट्टी कापली, आतला पातळ कागद बाजूला केला आणि उकिडवा बसला होता तसाच बसून राहिला. मला आधी काही कळलंच नाही. फुलं ओळीनं निजवलेली होती, एकही मोडलेलं नव्हतं. मग त्यानं एक दांडी उचलून दिव्यापुढे धरली. जांभळ्या पाकळीतून पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती. कांदा शिजला की त्याची पाकळी कशी काचेसारखी होते, बोट लावलं की सरकते, तसं ते ऑर्किड झालं होतं. दांडीच्या टोकाला मात्र बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी जशीच्या तशी होती. रबरी टोपण घट्ट, आत चमचाभर स्वच्छ पाणी. अशी एकेक नळी प्रत्येक दांडीला. कुणीतरी थायलंडात बसून ती एकेका दांडीला हातानं घातली होती.

"ताई," भाऊ म्हणाला, "आता हे सांगायचं कुणाला गं?"

लग्न पार पडलं. सकाळी सहालाच मामाला फोन लावला होता. मामाचं शेत कडोलीच्या बाजूला. त्यानं एक शब्द विचारला नाही, टेंपोत निशिगंधाच्या दोन बुट्ट्या आणि गलाट्याच्या फुलांचं एक पोतं टाकून आठाच्या आत हजर झाला. आई, वहिनी, मी, गल्लीतल्या दोन बायका, सगळ्या बसलो ओवायला. निशिगंधाच्या सरांनी मांडव असा भरला की आत पाऊल टाकलं की वास अंगावर यायचा. त्या ऑर्किडला वास नसतो. नवरीची आजी स्टेजजवळ येऊन डोळे मिटून उभी राहिलेली मी बघितली. तरीही नवरीच्या वडिलांनी पैसे कापले, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. फोटोत दाखवलेलं फूल ठरलं होतं, ते आलं नाही. भावानं मान खाली घालून उरलेले घेतले. बेंगळूरच्या एजंटाचा फोन दुपारी लागला. तो शांतपणे म्हणाला, "माल नीट मिळाला म्हणून तुमची सही आहे की." बसचा क्लीनर घाई करत होता, म्हणून भावानं पहाटे पाच वाजता बंद खोक्यावरच सही केली होती. पुढं बोलण्यासारखं काही उरलंच नाही.

पैशांचं दुःख महिन्याभरात विरलं. भावाचा तो प्रश्न काही माझ्या मनातून जाईना.

आमच्या आप्पांच्या वेळी हा प्रश्न पडत नसे. आप्पांचं दुकान म्हणजे एक फळी, एक ओलं पोतं, वर टांगलेले चार हार. सकाळी हरासाला, म्हणजे फुलांच्या लिलावाला जायचे, पुढं शाळेला सुट्टी असली की मलाही न्यायचे. हरास म्हणजे अंगावर येणारा आवाज. बुट्टीवर पाय ठेवून दलाल भाव चढवत नेई, अर्धं मराठीत अर्धं कन्नडात, आणि आप्पा नुसती भुवई उचलून बोली लावायचे. सगळीकडे चिखल, पायाखाली तुडवलेला झेंडू, त्या झेंडूचा कडवट वास बोटांना दिवसभर राहायचा. शेजारी बैलहोंगलकडच्या एक मावशी मोगरा घेऊन बसायच्या. त्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सर ताणून मोजायच्या, एक मोळ, दोन मोळ, आणि लहान पोरगी दिसली की शेवटचं मोळ जरा सैल धरायच्या. फूल खराब निघालं तर काय करायचं हे तिथं सगळ्यांना पाठ होतं. दिवस मावळायच्या आत माघारी आणायचं. दलालापुढे बुट्टी उपडी करायची, आजूबाजूच्या चार जणांनी बघायचं, त्यातला वयानं मोठा असेल त्यानं आकडा सांगायचा, आणि तो दोघांनी मानायचा. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आलेल्याला कुणी विचारायचं नाही. आप्पा म्हणायचे, फुलाची साक्ष रात्रभर टिकत नाही. बाजारातल्या त्या मंडळींची पाटी नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं. पण कुणाच्या घरी मयत झाली की सगळ्यांच्या फळ्या अर्धा दिवस बंद असत, आणि दसऱ्याला एखाद्याचा माल अंगावर पडला तर दोन दोन किलो वाटून घ्यायचे. मोठी झाल्यावर कळलं की जगभर ह्यालाच संघटना म्हणतात.

मे-जूनच्या त्या रात्री मी बसून वाचत गेले. फूल विमानानं येतं, त्याच्या वाटेत कोण कोण उभं असतं, आणि एखाद्यानं खोकं चुकीच्या ठिकाणी ठेवलं तर बोलायला कोण असतं, एवढंच मला बघायचं होतं. पहिलं उत्तर भावाच्याच धंद्यातल्या एका जुन्या जाणत्या माणसानं दिलं. त्यानं फोटो बघून लगेच सांगितलं की हे गारठ्यानं मेलेलं फूल आहे. गुलाब, कार्नेशन, लिली यांना २ ते ४ अंशांचा गारवा मानवतो. उष्ण मुलखातल्या ऑर्किडला, अँथुरियमला १० अंशांच्या खाली नेलं की पेशींना इजा होते. वाटेत कुठेतरी आमची तीन खोकी गुलाबांच्या खोलीत ठेवली गेली असणार. ठेवणाऱ्याच्या मनात काळजीच असेल, की उन्हाळा आहे, फूल गार राहू दे. ह्या विचारानं मला जास्तच वाईट वाटलं.

मग मी हॉलंडपर्यंत गेले. आल्समेर हे नाव भावाच्या खोक्यांवर कधीतरी वाचलेलं होतं. तिथल्या फूलवाल्या शेतकऱ्यांनी १९११ आणि १९१२ च्या सुमारास दोन वेगवेगळे लिलाव सुरू केले. त्यातल्या एकाची बैठक गावातल्या एका कॅफेत झाली होती म्हणे, म्हणजे आमच्याकडे हॉटेलात चहावर ठरतं तसंच. व्यापारी एकेका शेतकऱ्याला गाठून भाव पाडत होते, म्हणून सगळ्यांनी माल एकाच ठिकाणी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विकायचा, हा त्यामागचा विचार. १९६८ साली ते दोन लिलाव एक झाले, २००८ साली त्यात आणखी मोठी सहकारी संस्था मिळाली, आणि आज रॉयल फ्लोराहॉलंड नावाची ती शेतकऱ्यांच्याच मालकीची संस्था आहे. केनिया, इथिओपियाचे गुलाबही तिच्या घड्याळाखालून जातात. तिथल्या आणि आपल्या हरासातला फरक मला फार आवडला. आपला भाव खालून वर चढतो. तिथं घड्याळाचा काटा वरून खाली उतरत येतो आणि जो पहिल्यांदा बटण दाबेल त्याचा माल. ही पद्धत तिथं भाजीतून आली. १८८७ साली ब्रूक ऑप लांगेडाइक नावाच्या गावात फ्लॉवरच्या गड्ड्यांचा असा उतरता लिलाव झाला होता. फूल थांबत नाही, म्हणून भावानंही थांबायचं नाही. एकेका व्यवहाराला काही सेकंदच पुरतात. माझं मन मात्र त्याच्या पुढच्या गोष्टीवर अडकलं. घेणाऱ्याचे पैसे संस्था वसूल करते आणि शेतकऱ्याला संस्थाच देते. मालाची प्रत कागदावर लिहिलेली असते, तपासणारा संस्थेचा असतो, आणि लिहिल्याप्रमाणे माल नसेल तर कुठल्या दारावर जायचं ते दार ठरलेलं असतं. आप्पांच्या बाजारात वयानं मोठा माणूस आकडा सांगायचा, तेच हे. फक्त त्याला छप्पर मिळालं आणि शंभर वर्षं मिळाली.

बेंगळूरला हेब्बाळमध्येही असं उतरत्या भावाचं विजेवर चालणारं घड्याळ आहे. मामा एकदा कृषी खात्याच्या सहलीतून ते बघून आला होता. आल्यावर आठवडाभर सांगत होता, "आवाजच नाही गं बाई तिथं. देवळासारखं शांत. लोक बसल्यात आणि आकडा पळतोय."

दुसरा देश अमेरिका. तिथं बाहेरून येणाऱ्या कापलेल्या फुलांपैकी सुमारे ९० टक्के एकट्या मायामीच्या विमानतळावर उतरतात, बहुतेक कोलंबिया आणि इक्वेडोरहून. तिथल्या फूल आयातदारांची फ्लोरिडात स्वतःची संघटना आहे. असोसिएशन ऑफ फ्लोरल इम्पोर्टर्स ऑफ फ्लोरिडा असं तिचं सरळसोट नाव. ती काय करते हे वाचताना मला आमची तीन खोकी सारखी आठवत होती. विमानातून उतरलेलं फूल किती वेळ उन्हात विमानाशेजारी राहतं, शीतगृहात जागा किती, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, व्हॅलेंटाइन डेच्या गर्दीत, तपासणारे कर्मचारी पुरेसे आहेत का, असल्या गोष्टींसाठी ही मंडळी विमान कंपन्या, विमानतळ आणि सीमाशुल्क खाते यांच्याशी बोलत राहतात. तपासणी म्हणजे नुसता कागद बघणं नसतं. निरीक्षक गड्डी उलटी धरून पांढऱ्या कागदावर झटकतो आणि खाली काय पडतं ते भिंगातून बघतो. फुलकिडा पडला, मावा पडला, पान पोखरणारी अळी पडली तर धुरी द्या, नाहीतर माल परत पाठवा, नाहीतर जाळा. शेवंतीच्या बाबतीत तर पांढऱ्या तांबेऱ्यावर त्यांची विशेष नजर. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्या शेवंतीचं पान असं कुणी भिंगातून बघितलं असतं तर तीन वर्षांमागं अख्खा वाफा गेला नसता." एकटा आयातदार त्या निरीक्षकापुढे उभा राहिला तर त्याचं म्हणणं रडगाणं ठरतं. पन्नास जणांनी मिळून सांगितलं की अमुक फुलाला तासाभराचा उशीरसुद्धा महागात पडतो, तर त्याची नोंद होते. तपासणी सैल करा असं ते म्हणत नाहीत. ती वेळेवर करा म्हणतात.

आणि पलीकडे पाठवणाऱ्यांचीही संघटना आहे. कोलंबियाची असोकोलफ्लोरेस १९७३ सालची. तिचा इतिहास वाचताना माझी बाजू सारखी बदलत गेली. अमेरिकेतल्या फूल उत्पादकांनीही आपली परिषद केली, आणि स्वस्त परदेशी फुलांनी आम्हाला बुडवलं अशी तक्रार सरकारकडे नेली. १९८७ साली कोलंबियासकट काही देशांच्या फुलांवर त्यावरून जादा शुल्क बसलं. मग १९९१ साली अमेरिकेनंच कायदा करून अँडीज पर्वताकडच्या देशांना शुल्कात सवलत दिली. तिथल्या शेतकऱ्यानं कोकेनच्या कोकाऐवजी दुसरं काही पिकवावं, हा त्यामागचा हेतू. एकच गुलाब. बोगोताजवळच्या पठारावर तो पिकवणाऱ्या बाईचं पोट त्याच्यावर, आणि कॅलिफोर्नियातल्या एखाद्या काचघरवाल्याचं त्याच्यामुळे मोडलं. दोघांच्या वतीनं बोलणारी माणसं एकाच शहरातल्या कचेऱ्यांत जाऊन बसली. कुणाचं खरं? मला दोघांचंही खरं वाटलं.

कारण ते भांडण आमच्या घरात आहे.

आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या कापलेल्या फुलांवर मूळ सीमाशुल्क ६० टक्के आहे. शिवाय २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना हवा, पाठवणाऱ्या देशाचा रोगमुक्तीचा दाखला हवा. भावाला हे शुल्क जाचतं. तो म्हणतो, लोकांना फोटोतलं फूल पाहिजे, मी नाही आणलं तर हुबळीचा आणेल, कोल्हापूरचा आणेल. मामाला वाटतं की शुल्क कमी होता कामा नये. त्यानं शेडनेटमध्ये जरबेरा लावला, कर्ज काढून. लग्नाच्या हंगामात बाहेरचा माल पडून मिळायला लागला तर त्याच्या दांडीला कोण विचारणार? गौरीच्या जेवणाला दोघं एका पंगतीला बसले होते. भाऊ म्हणाला, "मामा, मी जे आणतोय ते तुझ्या शेतात उगवत नाही." मामा म्हणाला, "उगवत नाही, पण त्याची जागा तर माझीच घेतंय न्हवं." आईनं दोघांच्या पानात पुरणपोळी वाढली आणि विषय तिथंच मिटला. पण मामाचं वाक्य खरं होतं. ज्या स्टेजवर पूर्वी निशिगंध, शेवंती, अष्टर असायचं तिथं आज बिनवासाची, लांब दांड्याची फुलं असतात. शिवजयंतीच्या चित्ररथावर झेंडू अजून आहे, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या परड्यांत तोच आहे. घरच्या लग्नातून मात्र तो दारापुरता राहिला. आयातदारांच्या संघटनेचं काम मला पटत जातं आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचत राहतं. उद्या भावासारखे लोक एकत्र आले, त्यांचं म्हणणं दिल्लीत कुणी ऐकलं, तर पहिली मागणी शुल्क उतरवा हीच असेल. आणि त्या दिवशी मामाच्या बाजूनं बोलायला कोण असेल?

तरीसुद्धा संकट आलं की कळतं, कुणाला आवाज आहे आणि कुणाला नाही. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडचा ज्वालामुखी फुटला, युरोपातली विमानं जवळजवळ आठवडाभर बंद पडली, आणि केनियात कापलेला गुलाब शीतगृहात कुजायला लागला. हजारो मजुरांना घरी बसवलं गेलं. केनिया फ्लॉवर कौन्सिल ही तिथल्या बागाइतदारांची १९९६ साली स्थापन झालेली संघटना. नुकसान रोज जगापुढे मांडायला तेव्हा ती होती, म्हणून तर आठ हजार किलोमीटरहून दूरच्या राखेनं नैवाशा तळ्याच्या काठावरच्या बायकांची मजुरी बुडाली हे माझ्यासारखीला कळलं. २०२५ च्या एप्रिलपासून युरोपनं आफ्रिकेतल्या गुलाबांवर एका पतंगाच्या अळीसाठी कडक नियम लावले. तेव्हाही शेतावर सापळे कसे लावायचे, जाळी कुठली, नोंद कशी ठेवायची, हे एकेका लहान बागेवर सोडून दिलं नाही. सरकारी खातं आणि संघटना यांनी मिळून पद्धत बसवली. युरोपात फुलांच्या व्यापाऱ्यांची युनियन फ्लर्स नावाची संघटना १९५९ पासून आहे. असे नियम होत असताना व्यापाराची बाजू मांडायला ती तिथं हजर असते.

आणि आमच्याकडे? २५ मार्च २०२० हा गुढीपाडवा होता आणि टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. मामाचा गलाटा आणि झेंडू आदल्या दिवशी तोडून तयार होता. गोव्याची गाडी रद्द. बेळगावचा बाजार बंद. मी फोन केला तेव्हा तो शेताच्या बांधावर बसला होता. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तोडलेली फुलं परत वाफ्यात ओतून वर रोटर फिरवत होते. मला म्हणाला, "पाडव्याला दाराला एक माळ तरी लाव गं, तुझ्याकडे फूल आहे का?" मी नाही म्हटलं. त्याच्याकडे पोत्यांनी होतं आणि माझ्या दाराला एक नव्हतं, मध्ये सात-आठ मैलांचा रस्ता. त्याच महिन्यात आल्समेरलाही लाखो फुलं नष्ट केली, त्याची चित्रं जगभर दिसली. मामाच्या शेतातल्या त्या पिवळ्या ओळीचा फोटो माझ्या फोनवर आहे, बाकी कुठंच नाही. बैलहोंगलच्या त्या मोगऱ्याच्या मावशींचं त्या दिवशी काय झालं, तेही मला माहीत नाही. मोळावर फूल विकणाऱ्या बाईच्या वतीनं बोलणारं कुणी मला कुठल्याच देशात सापडलं नाही. संघटना बाग असणाऱ्याच्या असतात, खोकं मागवणाऱ्याच्या असतात. केनियाच्या संघटनेनं मजुरांच्या पगाराचे, हातमोज्यांचे, फवारणीच्या वेळेचे नियम लिहिले, कोलंबियात त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र काढलं, हे मी वाचलं आणि बरं वाटलं. पण ते नियम मालकांनी लिहिले. नळीत चमचाभर पाणी भरून दांडीला लावणाऱ्या हातांना कुणी विचारलं असेल का, हे मला अजून सापडायचंय.

श्रावणात भावानं एक काम केलं. धंद्यातल्या ओळखीच्या डेकोरेशनवाल्यांना दुकानात चहाला बोलावलं. बेळगावातले, दोघं खानापूरचे, एक निपाणीचा, एक गोकाकचा. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. पहिला तासभर प्रत्येक जण आपापलं सांगत राहिला. कुणाचे लिलीचे कळे उमललेच नाहीत, कुणाचं कार्नेशन आंब्याच्या पेट्यांशेजारी प्रवास करून आलं आणि पाकळ्या मिटवून बसलं. पिकलेल्या फळाची वाफ ह्या फुलाला झोपवते, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्या एकट्याचं नशीब. गोकाकचा माणूस मराठीत सुरू करून कन्नडात संपवायचा, निपाणीचा त्याला मराठीत उत्तर द्यायचा, कुणालाच काही अडत नव्हतं. मग भावानं वही काढली. परदेशात घाऊक व्यापारात बऱ्याच ठिकाणी तक्रार २४ तासांच्या आत आणि फोटोसकट करायची असते, हे मी त्याला सांगितलेलं त्यानं लिहून ठेवलं होतं. वयस्क असे एक काका होते, आप्पांच्या बाजारातले. ते म्हणाले, "म्हणजे आपलं दिवस मावळायच्या आतलंच की रे." सगळे हसले. मला मात्र एकदम आप्पांचा हात आठवला, उपड्या केलेल्या बुट्टीवरचा.

त्या दिवशी ठरलं ते फार मोठं नव्हतं. बंद खोक्यावर कुणी सही करायची नाही, क्लीनरनं कितीही घाई केली तरी. ऑर्किडच्या खोक्यावर अंश मोठ्या आकड्यात लिहून पाठवा, गुलाबाच्या खोलीत ठेवू नका, असं एजंटाला सगळ्यांनी मिळून एकाच कागदावर कळवायचं. कागद इंग्रजीत आणि कन्नडात, खाली चौदा सह्या. शुल्काचा विषय निघाला तेव्हा भावानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ते आत्ता नको. आधी फूल जिवंत येऊ दे." तो मामासाठी थांबला की खरंच वेळ नव्हता म्हणून, ते मी विचारलं नाही.

मार्गशीर्षात पुन्हा लग्नं सुरू झाली. एका पहाटे मी मुद्दाम त्याच्याबरोबर गेले. धुकं एवढं की बस आली ती नुसते दोन पिवळे ठिपके. क्लीनरनं टपावरून चार खोकी उतरवली आणि पावती पुढं केली. भावानं पावती खिशात ठेवली, खोकं जमिनीवर ठेवून पट्टी कापली. क्लीनर काहीतरी बोलला. तेवढ्यात मागच्या रिक्षातून खानापूरचे दोघं उतरले, त्यांचंही एक खोकं होतं. तेही शेजारी येऊन उभे राहिले. क्लीनर गप्प झाला, बिडी पेटवून बाजूला गेला. पलीकडच्या कडेला मामा शेवंतीची पोती गोव्याच्या गाडीत चढवत होता, पांढऱ्या शेवंतीचा तो गारेगार, ओल्या मातीसारखा वास धुक्यातून आमच्यापर्यंत येत होता. भावानं आतला कागद उचलला, दांड्यांच्या मधोमध छोटा थर्मामीटर खुपसला आणि घड्याळाकडे बघत थांबला. मामा हात झटकत आला, आमच्या खांद्यावरून वाकून खोक्यात बघायला लागला. एक दांडी त्यानं उचलली, नळी बोटांत फिरवली, पाणी उजेडाकडे धरून बघितलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"बारा," भाऊ म्हणाला आणि पेननं खोक्यावर तो आकडा लिहिला. मी फोटो काढला.